गर नको, साल द्या!

एक संत्रं घ्या आणि सोला. फोडी खाऊन टाका, आजच्या गोष्टीत त्यांना काही काम नाही. आपल्याला हवी आहे ती साल. तिचा ताजा तुकडा बोटांत धरा, नारिंगी बाजू बाहेर ठेवा आणि मधोमध चटकन दुमडा. बारीक तुषार उडाले ना? (ते नेमके भावंडाच्या डोळ्यांत उडवणारे घरोघरी असतात. तुम्ही त्यातले नसाल असं मी धरून चालतो.) आता घरातल्या कुणा मोठ्या माणसाला शेजारी बसवा, मेणबत्ती लावा आणि ज्योतीच्या बाजूने तोच प्रयोग करा. तुषार ज्योतीत शिरले की तडतडतात आणि ठिणग्या उडतात. पाणी असं पेटत नाही. पेटतं ते तेल!

सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, त्या प्रत्येकाखाली तेलाची एक इवलीशी पिशवी असते. साल दुमडली की पिशवीवर दाब येतो, वरचा पापुद्रा फाटतो आणि तेलाची पिचकारी सुटते. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने या पिचकाऱ्यांचं चित्रण केलं आणि 2018 साली ते प्रसिद्ध केलं. एक मिलिमीटर अंतर कापेपर्यंत त्या तेलाचा वेग सेकंदाला 10 मीटरच्या वर गेलेला असतो! वेग घ्यायची एवढी घाई रॉकेटलाही नसते.

झाडाने हे तेल आपल्यासाठी केलेलं नाही. किडे आणि बुरशी यांनी फळापासून लांब राहावं म्हणून केलेला तो बंदोबस्त आहे. आता किड्यांना जो वास नकोसा वाटतो तोच माणसांना इतका आवडला, की एका समुद्रकिनाऱ्यावरची कित्येक गावं पावणेतीनशे वर्षं त्याच्यावर पोट भरत आली. त्या फळाचं नाव बर्गमॉट.

बर्गमॉट दिसायला साधारण संत्र्याएवढं असतं. आधी हिरवं, पिकलं की लिंबासारखं पिवळं. पण सोलून फोड तोंडात टाकायला जाऊ नका. आंबट तर आहेच, वर इतकं कडू की तोंड वाकडं होईल. त्यामुळे गर बिचारा कायम दुय्यम राहिला. शेतकरी खत घालायचा, पाणी द्यायचा, छाटणी करायचा, ते सगळं सालीसाठी.

हे फळ येतं कुठे? इटलीचा नकाशा काढा. बुटाच्या आकाराचा देश आहे, हे तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक असेलच. त्या बुटाचं अगदी पुढचं टोक म्हणजे कॅलाब्रिया. तिथल्या रेज्जो कॅलाब्रिया या शहराच्या दोन्ही अंगांना, समुद्राला लागून, एक अरुंद पट्टी आहे. जगातलं ऐंशी ते नव्वद टक्के बर्गमॉट या एवढ्याशा पट्टीत पिकतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला अस्प्रोमोंते नावाचा जवळजवळ दोन हजार मीटर उंच डोंगर. डोंगर थंड वारे अडवतो, समुद्र हिवाळा सौम्य ठेवतो. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या उन्हाळ्यात नुसते गोट्यांचे पट्टे होऊन पडतात, पण पावसाळ्यात डोंगराची माती खाली आणून पसरतात. बर्गमॉटला बर्फाचा एक कडाकाही सोसत नाही. त्याचे हे सगळे लाड पुरवणारी जागा तिथे आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये आणि आणखी काही देशांतही त्याच्या बागा आहेत, पण अत्तरवाल्यांचं पहिलं बोट अजून कॅलाब्रियाकडेच जातं.

आता जरा याच्या घराण्याची चौकशी करू, कारण त्यात आपल्या ओळखीची माणसं निघणार आहेत.

शास्त्रज्ञांनी बर्गमॉटच्या जनुकांची तपासणी केली तेव्हा दिसलं, की तो एक संकर आहे. एक पालक पिवळं युरोपी लिंबू, दुसरा कडू संत्रं. कडू संत्र्याचे पालक कोण? पपनस आणि साधं सोलून खायचं संत्रं. आणि पिवळ्या लिंबाचे? एक पुन्हा तेच कडू संत्रं आणि दुसरं महाळुंग! म्हणजे कडू संत्रं हे बर्गमॉटचं पालकही आहे आणि आजी-आजोबांपैकी एकही. लिंबांच्या घराण्यात नाती अशीच गुंतलेली असतात. महाळुंग मूळचं हिमालयाच्या पायथ्याकडचं, ईशान्य भारताच्या बाजूचं. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलात तर मूर्तीच्या खालच्या उजव्या हाताकडे नीट पाहा. त्या हातातलं फळ म्हणजे महाळुंग. आपल्या रोजच्या कागदी लिंबाचा एक पालकही तेच. तेव्हा इटलीच्या टोकावरचं बर्गमॉट आणि आपल्या वरणभातावरचं लिंबू यांचं आजोळ एकच आहे म्हणायला हरकत नाही.

कॅलाब्रियात बर्गमॉटची पहिली खरीखुरी बाग 1750 साली लागली असं सांगतात. निकोला पारिसी नावाच्या माणसाने रेज्जोच्या किनाऱ्याजवळ ती लावली. आता प्रश्न असा, की खाता न येणाऱ्या फळाची बाग कोण लावतं? उत्तर सोपं आहे. ज्याला गिऱ्हाईक ठाऊक असतं तो.

गिऱ्हाईक आल्प्स डोंगराच्या पलीकडे, जर्मनीत होतं. कोलोन शहरात योहान मारिया फरीना नावाचा एक अत्तरकार राहत होता. तो जन्माने इटालियनच. त्या काळी युरोपातली श्रीमंत माणसं अंघोळीला नाखूष असायची आणि दुर्गंध झाकायला कस्तुरीसारखी जड, उग्र अत्तरं थापायची. फरीनाने लिंबूवर्गातल्या फळांची तेलं मद्यार्कात मिसळून एक हलकं, ताजंतवानं सुगंधी पाणी बनवलं. त्यात मुख्य मान बर्गमॉटच्या तेलाला होता. त्याच्या घराण्याची पेढी 1709 साली सुरू झाली आणि आजही चालू आहे. शहराच्या नावावरून त्या पाण्याला ‘कोलोनचं पाणी’ म्हणू लागले. राजेरजवाड्यांत त्यासाठी चढाओढ लागली. नेपोलियन तर ते अक्षरशः अंगावर ओतून घ्यायचा.

हे पाणी पुढे आपल्याकडेही आलं बरं का. आजीला विचारा, तिच्या लहानपणी ताप चढला की कपाळावर कशाच्या घड्या ठेवायचे? बऱ्याच घरांत उत्तर येईल, ‘कोलनवॉटरच्या’. मद्यार्क भराभर उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून कपाळ गार वाटतं. तो जो खोलीभर पसरणारा आजारपणाचा छान वास असायचा, त्याचं मूळ या सालीत होतं. (आजारपणाचा वास छान कसा, असं विचारू नका. शाळा बुडालेली असते, म्हणून असेल.)

पण तेल काढायचं कसं? आपल्याकडे कनौजला गुलाबाचं, खसाचं अत्तर वाफेवर काढतात. बर्गमॉटला तशी वाफ दिली तर घात होतो. त्याच्या वासातला सगळ्यात नाजूक भाग गरम पाण्याने मोडतो आणि वास उतरतो. म्हणून हे तेल थंडच काढावं लागतं. जुन्या काळी कामगार फळ मधोमध कापायचे, धारदार चमच्याने गर कोरून काढायचे आणि सालीची वाटी समुद्री स्पंजावर दाबून फिरवायचे. हा स्पंज म्हणजे बाथरूममधला प्लास्टिकचा नव्हे. स्पंज हा समुद्राच्या तळाशी चिकटून राहणारा प्राणी आहे, त्याचा वाळलेला सांगाडा. पिशव्या फुटायच्या, तेल स्पंजात मुरायचं, स्पंज भांड्यात पिळायचा. तेल पाण्यावर तरंगायचं, ते अलगद ओतून घ्यायचं. मग पुढची वाटी. मग त्याच्या पुढची. दिवसभर बोटं आंबट-कडू रसात! मला विचाराल तर नेपोलियनपेक्षा या माणसांची नावं इतिहासाने लिहून ठेवायला हवी होती.

1844 साली रेज्जोच्या निकोला बारिल्ला याने एक यंत्र केलं. दोन खरबरीत तबकड्यांच्या मध्ये आख्खी फळं ठेवायची आणि हाताने चाक फिरवायचं. फळं गरागरा घुमतात, त्यांची वरची साल तेवढी खरवडली जाते आणि तेल निथळतं. फळ कापायला नको, कोरायला नको. या यंत्राला ‘कॅलाब्रियन यंत्र’ असंच नाव पडलं. एका यंत्राने कितीतरी माणसांचं काम होऊ लागलं, तेलही भराभर निघू लागलं आणि बागा वाढल्या. आजच्या कारखान्यात फळं खरवडणाऱ्या रुळांवरून जातात, वरून पाण्याचे फवारे असतात, आणि तेल-पाण्याचं मिश्रण जोरात फिरवून वेगळं करतात. डेअरीत दुधातून मलई काढायला हेच तत्त्व वापरतात.

इतकं करून हाती किती येतं? साधारण 200 किलो फळांतून 1 किलो तेल. म्हणजे हजार-दीड हजार फळं खरवडायची तेव्हा कुठे एक बरणी भरते. तोडणी नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. सुरुवातीच्या हिरव्या फळांचं तेल हिरवं असतं, शेवटच्या पिकल्या फळांचं पिवळसर. दोघांचा वासही थोडा वेगळा, त्यामुळे कुठला अत्तरकार म्हणतो मला नोव्हेंबरचंच पाहिजे, तर कुणाला उशिराचं हवं असतं. तिथले लोक या तेलाला हिरवं सोनं म्हणतात. आतून कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्यांत भरून ते बाहेर पाठवायचे.

सोनं म्हटल्यावर लगेच विचारायला हवं, ते कुणाच्या घरात जात होतं? कॅलाब्रिया आजही इटलीतल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक आहे. बागा पुष्कळदा मोठ्या जमीनदारांच्या, कसणारी कुटुंबं वाट्याने काम करणारी. कलम बांधायचं त्यांनी, पाणी पाजायचं त्यांनी, थंडीत फळं तोडायची त्यांनी, आणि पॅरिसमध्ये अत्तराच्या बाटलीला जो भाव येई त्यातला चिमूटभर यांच्या पदरात पडे. तरीही ही पट्टी टिकली ती या फळामुळेच. कलमं करणारे, फळं तोडणारे, यंत्र फिरवणारे, तांबट, पेट्या ठोकणारे सुतार, गाडीवान आणि बंदरावरचे हमाल, अशा किती हातांना त्याने काम दिलं! याच डोंगरात आणि किनाऱ्यावर एक छोटा समाज आहे. त्याची मूळ भाषा इटालियन नाही, जुन्या ग्रीक भाषेची एक शाखा आहे. बोव्हा, कोंदोफुरी या त्यांच्या मुलखात बर्गमॉटच्या बागा आहेत. डोंगरातली घरं पुराने आणि दरडींनी ओस पडली, कित्येक कुटुंबं जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. जी राहिली त्यांच्यातल्या काहींना या झाडांनी धरून ठेवलं.

आणि संकटं काय थोडी आली! 28 डिसेंबर 1908, पहाटे सव्वापाचच्या पुढे, रेज्जो आणि सामुद्रधुनीच्या पलीकडचं, समोरचं मेसिना ही दोन्ही शहरं भूकंपाने जमीनदोस्त झाली, पाठोपाठ समुद्र चालून आला. पंच्याहत्तर हजारांहून जास्त माणसं गेली. डिसेंबर म्हणजे बर्गमॉटच्या ऐन तोडणीचा महिना. शहर पुन्हा उभं राहत होतं तेव्हाच, 1918 साली, रेज्जोत सुगंधी तेलांच्या अभ्यासासाठी एक सरकारी प्रयोगशाळा काढली गेली. भूकंपाने मोडलेलं गाव प्रयोगशाळा उभारतं, यावरून तेलाचं मोल काय होतं ते कळतं. ही प्रयोगशाळा लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

या सगळ्याच्या बऱ्याच आधी इंग्लंडमध्ये एक गंमत चालली होती. ‘अर्ल ग्रे’ चहा ऐकलाय? काळा चहा आणि त्यात बर्गमॉटचा वास. अर्ल ग्रे हे 1830 ते 1834 या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्यांना एका चिनी अधिकाऱ्याने ही कृती भेट दिली, वगैरे गोष्टी चहाचे व्यापारी सांगतात. त्यांवर विश्वास ठेवू नका, ग्रेसाहेब चीनला कधी गेलेच नव्हते. याउलट 1837 सालची नोंद सापडते ती एका खटल्याची. एका चहाविक्रेत्या पेढीने हलक्या चहाला बर्गमॉटचा वास लावून तो भारी म्हणून खपवला, असा आरोप होता. म्हणजे चहात बर्गमॉट घालणं ही तेव्हा चक्क भेसळ समजली जात होती. पुढे तीच भेसळ डौलदार डब्यात बसली आणि जास्त भावाने विकली जाऊ लागली!

भेसळीला मदत करणाऱ्या या फळावर पुढे स्वतःच भेसळीचा बळी व्हायची वेळ आली.

झालं असं. बर्गमॉटच्या वासात शेकडो पदार्थ आहेत, पण मुख्य तीन. लिमोनीन, म्हणजे संत्र्याच्या सालीतला. लिनालूल. आणि लिनालूलचाच एक जोडीदार, लिनॅलिल ॲसिटेट. वाफेने मोडतो म्हणालो तो नाजूक भाग हाच. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांना लिनालूल आणि त्याचा हा जोडीदार कारखान्यात बनवता येऊ लागला, टर्पेंटाइनपासून, खनिज तेलातल्या रसायनांपासून. आता हजार फळं खरवडायची गरजच काय? थोडं खरं तेल, बाकी कारखान्यातलं, वर संत्र्याच्या सालीचं स्वस्त तेल, की झालं ‘बर्गमॉट’. नाकाला फरक कळेना. भाव कोसळले.

त्यातच दुसरी अडचण पुढे आली. कोलनवॉटर मानेला लावून उन्हात बसलेल्या काही लोकांच्या कातडीवर, जिथून थेंब ओघळला होता तिथेच, तांबडे-तपकिरी पट्टे उमटत. ही गोष्ट डॉक्टरांनी 1916 सालीच नोंदवली होती. दोषी निघालं तेलातलं बर्गाप्टेन नावाचं द्रव्य. अंधारात ते निरुपद्रवी असतं. उन्हातले अतिनील किरण पडले की खवळतं आणि कातडी भाजते. आपल्याकडे कोडावर बावचीच्या बिया वापरत आले आहेत, त्यांत असलेलं सोरालेन हे याच कुळातलं. तिथे कातडीवर रंग आणायला त्याचा उपयोग करतात, तोही वैद्याच्या देखरेखीखाली. म्हणून सांगून ठेवतो, लिंबाची साल अंगाला चोळून उन्हात खेळायला जाऊ नका. पुढे बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल मिळू लागलं आणि अत्तरांत तेच वापरायची पद्धत पडली, पण त्याआधी बर्गमॉटचं नाव खराब व्हायचं ते झालंच.

1960 नंतरच्या दोन-तीन दशकांत कॅलाब्रियातल्या बागांची कळा गेली. तोडणीचा खर्चही निघेना. काही ठिकाणी झाडं उपटून दुसरी फळं लावली. रेज्जो शहर वाढत होतं, बिल्डरांना जमीन हवीच होती. तरुण मंडळी मिलान-तुरिनच्या कारखान्यांकडे गेली. दोनशे वर्षांचं फळ संपतं की काय असं वाटू लागलं.

आता इथे गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तुमच्या दोन चपला घ्या. दोन्हींचं माप एक, रबर एक, पट्टे तेवढेच. तरी डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही. एक दुसरीचं आरशातलं रूप आहे. काही रेणूंचंही असंच असतं. लिनालूलचे दोन प्रकार असतात, डावा आणि उजवा म्हणू. तेच अणू, तेवढेच अणू, जोडणीही तीच, फक्त मांडणी आरशातली. बर्गमॉटचं झाड जवळजवळ शंभर टक्के एकाच बाजूचा लिनालूल बनवतं, आणि त्याचा जोडीदारही त्याच बाजूचा. कारण झाडाच्या पेशीत रेणू घडवणारे जे कारागीर रेणू असतात, तेही स्वतः एका बाजूचे असतात. त्यांच्या साच्यातून दुसरी बाजू निघतच नाही. कारखान्यात मात्र असा साचा नसतो. तिथे डावे-उजवे सरमिसळ तयार होतात, साधारण निम्मे निम्मे.

म्हणजे नकली तेलावर त्याच्या कारखान्याची सही असते. फक्त ती वाचायला नाक पुरत नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत शास्त्रज्ञांना ती वाचता आली. केसासारखी बारीक आणि पंचवीस-तीस मीटर लांब नळी घ्यायची, तिच्या आतून स्टार्चपासून बनवलेल्या एका खास पदार्थाचा लेप द्यायचा. हा पदार्थही एका बाजूचा असतो. तेलाची वाफ नळीतून सोडली की डाव्या आणि उजव्या रेणूंपैकी एक जण त्या लेपाशी जरा जास्त रेंगाळतो. दुसरा पुढे निघून जातो. नळीच्या टोकाशी यंत्र आलेखात नोंद करतं. एकच टेकाड उमटलं तर तेल झाडाचं. शेजारी-शेजारी दोन सारखी टेकाडं उमटली तर कारखान्याचं! सामुद्रधुनीच्या पलीकडच्या मेसिना विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी लिंबूवर्गाच्या तेलांवर या पद्धतीने खूप काम केलं, आणि रेज्जोच्या त्या जुन्या प्रयोगशाळेच्या हातात भेसळ पकडायचं चांगलं हत्यार आलं.

भेसळ करणारे गप्प बसले असतील असं वाटतं का? त्यांनी दुसऱ्या झाडांतून काढलेला, योग्य बाजूचा लिनालूल मिसळायला घेतला. मग तपासणारे इतर बारीकसारीक पदार्थांचं प्रमाण पाहू लागले. ही पकडापकडी अजून चालू आहे.

डावं-उजवं ही भानगड तुम्हाला स्वयंपाकघरात अनुभवता येईल. पुदिन्याचं पान चुरगाळून हुंगा. मग चिमूटभर बाळंतशेपा चुरडून हुंगा. दोन्हींच्या वासात कार्व्होन नावाचा रेणू असतो, पुदिन्यात एका बाजूचा आणि शेपेत आरशातला. इथे मात्र तुमच्या नाकाला तो फरक लगेच कळतो, कारण नाकातले वास टिपणारे रेणूही एका बाजूचे असतात. धणे भाजताना जो गोडसर वास येतो त्यातही भरपूर लिनालूल असतो, पण मुख्यतः बर्गमॉटच्या उलट बाजूचा!

खरं-खोटं ठरवता येऊ लागल्यावर कायद्यालाही आधार मिळाला. 2001 साली युरोपीय संघाने ‘रेज्जो कॅलाब्रियाचं बर्गमॉट तेल’ या नावाला संरक्षण दिलं. ठरलेल्या गावांच्या हद्दीत पिकलेल्या फळाचं आणि ठरलेल्या कसोट्या पार केलेलं तेल असेल तरच हे नाव लावायचं. कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याच जातीची ही गोष्ट. दुसरीकडचा आंबा हापूस म्हणून पेटीत भरला की बागायतदाराचं काय नुकसान होतं, हे रत्नागिरी-देवगडच्या मुलांना मी सांगायला नको.

हळूहळू बागांत पुन्हा माणसं दिसू लागली. भारी अत्तरं बनवणाऱ्या घराण्यांना खरं तेल हवंच असतं. 1925 साली पॅरिसमध्ये आलेल्या एका गाजलेल्या अत्तरात बर्गमॉट अगदी सढळ हाताने घातलेलं आहे, आणि त्या अत्तराचं नाव काय, तर ‘शालिमार’, आपल्या मुघल बागेवरून! अत्तराची बाटली उघडल्यावर जो पहिला ताजा वास येतो आणि थोड्या वेळात उडून जातो, तो पुष्कळदा बर्गमॉटचा असतो. त्याचे रेणू हलके, चटकन हवेत उडणारे. दिवसभर टिकायचं काम मागचे जड वास करतात, पण गिऱ्हाईक दुकानात बाटली घेतं ते पहिल्या वासावर.

आणि इतकी वर्षं हिणवलेला गर? त्याचं नशीबही थोडं उघडलंय. पूर्वी रस आटवून त्यातून सायट्रिक आम्लासाठी कच्चा माल काढत, उरलेला चोथा गुरांपुढे जाई. आता रस बाटल्यांत भरून विकतात. रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर त्याचा काही परिणाम होतो का, यावर संशोधन चालू आहे. तिथे मुरंबा करतात, आइस्क्रीम करतात. फ्रान्समध्ये नान्सी नावाच्या शहरात तर एकोणिसाव्या शतकापासून बर्गमॉटच्या तेलाच्या चौकोनी, मधाच्या रंगाच्या पारदर्शक गोळ्या बनतात, आणि त्यांच्या नावालाही 1996 पासून युरोपीय संघाचं संरक्षण आहे. एका गोळीचं नाव जपायला कायदा! मला ही कल्पना फार आवडते.

बर्गमॉटचं फळ आपल्या मंडईत मिळत नाही. पण मोठ्या दुकानात, चहाच्या फळीवर, अर्ल ग्रेचा डबा असतो. त्यातला चहा कधी आसामचा असतो, कधी दार्जिलिंगचा. विकत घ्यायलाच हवा असं नाही. डबा हातात घेऊन उलटा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. काही डब्यांवर बर्गमॉटचं तेल किंवा नैसर्गिक बर्गमॉट वास घातल्याचं लिहिलेलं असतं, काहींवर नुसतंच कृत्रिम स्वाद. दुकानदाराने विचारलं, ‘काय बघतोस रे?’ तर सांगा, रेणू डावे की उजवे ते बघतोय.